दोराची दोन टोके

९ फेब्रुवारी, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. कड्याखाली प्रशिक्षणार्थी दोन, सासरे आणि जावई. एकमेकांचा दोर धरला की कित्येक वर्षांचा अबोला सुटेल, म्हणून मुलीनेच परस्पर दोघांची नावे प्रस्तरारोहणाच्या वर्गात घातली होती.

कड्यात ठोकलेल्या बोल्टमागून बोल्टला दोर अडकवत सासरे चौथ्याच्या वर पोहोचले. प्रशिक्षिका खालून म्हणाली, "आता मुद्दाम हात सोडा. जोडीदार झेलेल. त्याशिवाय उत्तीर्ण नाही."

"सोडा बिनधास्त, सासरेबुवा. दोर मी धरलाय."

"तुम्ही धरलाय, हीच तर पंचाईत!"

अखेर बोटांनीच दगा दिला. दीड मीटर खाली येताच जावयाने दोरावर त्यांना अलगद झेलले; प्रशिक्षिकेने तेही ग्राह्य धरले.

खाली उतरल्यावर सासरे प्रथमच हसले. "आणा तो दोर, जावईबापू. आता तुम्ही चढा, मी धरतो."

 

जावयाने त्या हसण्याकडे एकवार पाहिले आणि अंगावरचा हार्नेस सोडला. उत्तीर्ण : दोघांपैकी एक.