रहाटचा शेरा

"पैठणला? धरण कोरडं पडलंय नि तिथं डोहाळजेवणं कसली करायलेत?" अनसूयाबाईंनी चष्म्यावरून सुनेकडं बघितलं.

"शाळेतली मैत्रीण आहे, आई. संध्याकाळपर्यंत येते."

"आज टँकर यायचाय."

सावनी चपला घालता घालता थांबली. बीड बायपासपलीकडच्या या वसाहतीत इमारती भराभर उठल्या, नळ काही आले नाहीत. त्यात दुष्काळाचं हे दुसरं वर्ष. टँकर आला की घरात माणूस पाहिजेच.

"बरं, जा तू. बघते मी," सासूबाई म्हणाल्या.

सुटले बाई! सावनी खाली उतरली, रिक्षात बसली, आणि पैठणचं नावही न काढता शहरातल्या एका कॉलेजच्या सभागृहाकडं निघाली.

तिथं ओपन सोर्सवाल्यांचा मेळावा होता. ही मंडळी प्रोग्रॅम लिहितात आणि जगासाठी उघडा ठेवतात. कुणीही वाचावा, कुणीही सुधारावा, पगार कुणालाच नाही. कुठल्या गल्लीत टँकर कधी येणार ते मोबाईलवर सांगणारी 'टँकरपाटी' त्यांचीच. सावनी दोन वर्षं तिच्यावर राबत होती, 'चिमणी' या टोपणनावानं. नवरा हिमांशू पुण्यात नोकरीला. त्याला ठाऊक होतं. सासरी सांगायची सोय नव्हती. एकदा तिनं नुसता विषय काढला, तर सासूबाई फटकन म्हणाल्या, "फुकटचीच कामं करायची तर घरात कमी आहेत का?"

बाई बत्तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. सुनेनं पाण्याचा ड्रम घासला तर आत बोट फिरवून बघायच्या. दुपारी दोन ते चार मात्र दार लावून पोथी वाचायच्या, आणि त्या दोन तासांत घरात भांडंसुद्धा वाजवायचं नाही. सावनीला तेवढाच वेळ मोकळा मिळायचा. ती सुधारणा लिहायची आणि तपासायला पाठवायची.

तपासणारा होता 'रहाट'. त्याचंही टोपणनावच. मेल्याला दुसरा उद्योग नसावा, दहा मिनिटांत शेरा हजर: "पुन्हा करा." ना नमस्कार, ना शाब्बासकी. एकेचाळीस वेळा त्यानं तिचं काम परत पाठवलं होतं. दोनदा ती न्हाणीघरात जाऊन रडली होती. पण हेही खरं, की त्या एकेचाळीस वेळांनीच तिला काम शिकवलं.

आज निकाल होता. चिमणीला पाटीत थेट बदल करायचा हक्क द्यायचा की नाही, हे रहाट मंचावरून सांगणार होता. रहाटला आजवर कुणी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. लग्नानंतर नोकरी सुटलेल्या सावनीला आपलं म्हणावं असं एवढंच काहीतरी मिळणार होतं.

सभागृहात ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली, शेजारी बघितलं आणि तशीच परत उठली.

शेजारी सासरे बसले होते. आप्पासाहेब. मांडीवर सासूबाईंची ठिपक्यांची पिशवी.

"तू इथं काय करायलीस?" आप्पासाहेब तिच्याहून जास्त दचकले. "तू तर पैठणला..."

"आप्पा, आईंना सांगू नका. पाया पडते तुमच्या!"

आप्पासाहेबांनी पिशवी घाईघाईनं खुर्चीखाली सरकवली. "मी कशाला सांगतोय? तू मला इथं बघितलंस हे तिला कळलं ना, तर माझीच खैर नाय."

सावनीनं एवढा मोठा श्वास सोडला की पुढच्या रांगेतली दोघं वळून बघायला लागली. "आणि टँकर?"

"तो उद्यावर गेला. पाटीवर मघाशीच आलंय की."

पाटीवर? सावनी त्यांच्याकडं बघतच राहिली. आप्पासाहेब टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. घरातला जुना कॉम्प्युटर त्यांचाच. दुपारभर कुठं असतात, कुणी कधी विचारलं नव्हतं. अगं बाई! दोन वर्षं ज्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या, त्या रहाटबुवाला आपण रोज सकाळी आल्याचा चहा देत होतो. तिला हसू आवरेना. हा भला माणूस काही आपल्याला नापास करायचा नाही.

"आप्पा, आज पास करा हं मला," ती कुजबुजली.

"माझ्या हातात काय आहे बाई?"

मुरलेला आहे म्हातारा, सावनीला वाटलं.

मेळावा भरवणारा चिन्मय माइकवर आला. "आता पाटीचा निकाल. रहाट यांना विनंती, मंचावर यावं."

सावनीनं कोपरानं ढोसलं. "उठा की, आप्पा."

आप्पासाहेब उठले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि पुटपुटले, "तीन वर्षं पोथी वाचायली म्हणून सांगतोय मी लोकांना."

मंचाच्या बाजूचं दार उघडलं आणि हातात कागद घेऊन अनसूयाबाई माइकपाशी आल्या.

"चिमणीचं काम मी एकेचाळीस वेळा परत पाठवलं," त्या कागदावरून वाचू लागल्या. "एकदा रुसली नाही, एकदा सबब सांगितली नाही. आजकाल एवढी चिवट पोर बघायला मिळत नाही हो. आमच्या सुनेला ड्रम दुसऱ्यांदा घासायला सांगितला तर तिचं तोंड एवढंसं होतं. चिमणीला माझी मंजुरी आहे."

टाळ्या पडल्या. "चिमणी, कुठं आहात?" चिन्मय ओरडला. "उभ्या राहा बरं!"

सावनी उभी राहिली.

अनसूयाबाईंनी आधी चष्म्यातून बघितलं, मग चष्म्यावरून. टाळ्या थांबल्या तरी त्या बघतच होत्या. मग त्यांनी चिन्मयच्या खिशातलं पेन काढून घेतलं, कागदावरची एक ओळ खोडली आणि माइकजवळ तोंड नेलं.

"सुनेचं वाक्य," त्या म्हणाल्या, "पुन्हा करते."