तिच्या बाजूची ऊब

जुन्या डिझेल गाडीचा थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. इंजिन तापायचं नाही आणि हीटर नुसते कोमट उसासे टाकायचा. अख्खा हिवाळा बायकोला दवाखान्यात नेताना स्टिअरिंगवर म्हाताऱ्याची बोटं आखडायची. “या रविवारी नक्की बदलतो,” तो म्हणायचा. “मला मेलीला कुठे थंडी वाजते!” शाल आवळत ती म्हणायची. ती गेली आणि पुढच्याच रविवारी त्याने बॉनेट उघडलं. “दादा, आता हे वरातीमागून घोडं कशाला?” बहिणीने विचारलं. त्याने नवा थर्मोस्टॅट बसवला, गाडी सुरू केली. तापमानाचा काटा मध्यावर आला, गरम हवा सुटली, पण त्याच्याच बाजूने. वाकून पाहिलं, तर बायकोच्या सीटसमोरची हवेची झडप तिनेच बंद केलेली, होती नव्हती ती ऊब त्याच्या बोटांना मिळावी म्हणून. त्याने तिची झडप उघडली आणि आपली बंद केली.