छातीतली गुणगुण
बाळंतपणानंतर मोल्दिरचं हृदय थकलं, तेव्हा अस्तानाच्या डॉक्टरांनी रक्त पुढे ढकलणारा छोटासा पंप तिच्या हृदयाला जोडला. कित्येक महिन्यांनी ती खांद्यावर बॅटऱ्यांची पिशवी अडकवून माळावरच्या आपल्या गावी परतली. सासूने, राबिगाने, रिवाजाप्रमाणे स्वागताला दारातच तिच्यावरून मूठमूठ मिठाई उधळली. पण राबिगाच्या कडेवरच्या, आता रांगायला लागलेल्या तिच्या लेकाने, दारिनने, या परक्या बाईला पाहून टाहो फोडला. “घे की त्याला!” राबिगा म्हणाली. मोल्दिर मागे सरली. “नको, आई. लेकरं आईच्या काळजाचे ठोके ऐकून शांत होतात. माझ्या छातीत ठोके कुठले? नुसतं यंत्र घरघरतंय.” “नुसतं यंत्र? अगं, मरणाच्या दारातून ओढून आणलं त्यानं तुला, आणि तूच त्याला नावं ठेवतेस?” राबिगाने पिशवीची वायर जपून बाजूला घेतली आणि नातवाला तिच्या हातांत दिलं. दारिन पाय झाडत आणखीच रडू लागला. तरी मोल्दिरने त्याला सोडलं नाही. रडून दमलेल्या दारिनने अखेर मान टाकली, त्याचा कान तिच्या छातीला लागला आणि तो एकदम थबकला. डोळे विस्फारून ऐकत राहिला. हळूहळू हुंदके विरले, पापण्या मिटल्या. राबिगाने वाकून स्वतःचाही कान लावला. “अगं बया, हा तर चहाचा समोवार गुणगुणतोय! रात्रंदिवस न थकता राबतंय बिचारं.” मग ती डोळे पुसत चहाची तयारी करू लागली. मागून दबक्या आवाजात मोल्दिरने दटावलं, “आई, चहाच्या वाट्या वाजवू नका. माझा मुलगा झोपलाय.”