चित्रावर हात

"चित्रावर हात ठेव आणि मग वाचायला सांग तिला," आतेसासूबाईंनी बजावलं होतं. "जे पोर कशालाही 'छान' म्हणतं ना, ते काहीतरी लपवत असतं."

सून हसली होती. पोर म्हणजे तिची लेक, दुसरीतली. शाळा कशी होती? छान. धडा कसा होता? छान. यात लपवण्यासारखं काय? काळजी करण्यात सून कमी नव्हती. लेकीला शिंक आली तरी ती थर्मामीटर शोधायची. पण आत्यांचं म्हणजे अतीच. सुनेच्या लग्नाची पत्रिकाही त्यांनी लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवली होती, वर 'पुन्हा लिहा' असा शेरा मारून. अशा बाईला पोरीत खोट दिसणारच, म्हणून तिने विषय झटकून टाकला.

आत्यांचं कामच ते. शाळांतली मारझोड थांबावी आणि प्रत्येक मुलाला वाचता यावं, एवढ्या दोन गोष्टींसाठी त्यांनी चाळीस वर्षं सरकारचं डोकं खाल्लं. नवा मसुदा आला की लाल पेन. मंत्री बदलले, पेन तेच. शिक्षण खात्यात त्यांना पाठीमागे 'तांबडी शाई' म्हणत. त्या जिन्यात दिसल्या की साहेबांना बाहेरची कामं आठवत. शेवटी कायदा झाला. तो पटला म्हणून झाला की कंटाळून, हे खात्यालाच ठाऊक.

आता त्याच खात्यातले निवृत्त साहेब उद्या त्यांचा जीवनगौरव करणार होते. फलकाचा नमुना आत्यांना दाखवून घ्यायचं काम सुनेकडे आलं, कारण दुसरं कुणी धजेना.

नमुना फोनवर आला आणि तिला हसूच फुटलं. वर आत्यांचा मोठा फोटो. खाली ठळक अक्षरांत, 'शिक्षा क्षेत्रातील चाळीस वर्षांच्या कार्याचा गौरव'. शिक्षण नव्हे, शिक्षा! म्हणजे बाईंनी चाळीस वर्षं पोरांना अंगठे धरून उभं केलं. सुनेने मुद्दाम काही न सांगता तो तसाच पुढे पाठवला आणि फोन जरा लांब ठेवला. आता स्फोट.

उत्तर आलं. लिहिलेलं नव्हतं, बोलून पाठवलेलं होतं.

"छान आहे."

"चला, मऊ झाली आत्या एकदाची," नवरा म्हणाला.

सुनेने ते पुन्हा ऐकलं. छान? आणि बोलून? दुसऱ्या कुणी असा बोलका निरोप पाठवला की आत्या उलट लिहायच्या, 'हात मोडलेत का?' लेकीला नवऱ्याच्या हवाली करून ती मिळेल त्या गाडीने निघाली.

आत्या नीट केस विंचरून खुर्चीत ताठ बसल्या होत्या. समोर आजचा पेपर. रोज दुपारपर्यंत त्यांच्या लाल पेनाने पेपर रक्तबंबाळ व्हायचा. आज त्यावर एक ओरखडा नव्हता.

"काय गं, पोरीला सोडून इकडे कुठे?"

"फलक बघितलात ना आत्या?"

"बघितला की. छान आहे."

सुनेने फोन त्यांच्यापुढे धरला आणि फोटोवर अंगठा ठेवला. "आता वाचा."

आत्यांनी अंगठ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. चोरी पकडली गेलेल्या पोरासारख्या त्या हसल्या.

"अक्षरं दिसतात," त्या म्हणाल्या. "ओळख देत नाहीत. सकाळपासून."

"आणि बोलला नाहीत? अहो आत्या!"

"उद्या मानपत्र घ्यायचंय. वाचता येत नाही म्हणून कुणाला सांगू? लाज वाटली." त्यांनी समोरच्या पेपरची घडी घातली. "पोरं सांगत का नाहीत यावर मी किती भाषणं ठोकली. नुसतं ऐकीव होतं गं सगळं."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मेंदूतली एक रक्तवाहिनी तुंबलीय. नेमकी वाचण्याच्या जागेची. उद्यावर टाकलं असतं तर आणखी काय काय गेलं असतं सांगता येत नाही.

"वाचन येईल परत?" सुनेने विचारलं.

"येईल बहुतेक. पण पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागेल."

"मारणार नसाल तर शिकेन," खाटेवरून आत्या म्हणाल्या.

मग सुनेने फलकावर काय लिहिलंय ते वाचून दाखवलं. "शिक्षा? गाढव कुठले!" हे शेजारच्या खोलीतही ऐकू गेलं. बोलणं शाबूत असल्याची डॉक्टरांनी नोंद केली.

सून डोळे पुसत हसली. आत्या हसल्या नाहीत.

"तू अजून इथेच? घरी जा. माझ्या फोटोवर अंगठा ठेवलास, छान केलंस. जिच्यासाठी सांगितलं होतं तिचं काय?"

सून घरी आली तेव्हा लेक बाबांना गोष्ट वाचून दाखवत होती. घडाघडा. अस्वल, मधाचं पोळं, झाड, सगळं. बाबा कौतुकाने मान डोलवत होते. सून शेजारी बसली. तिने पान उलटलं आणि चित्रावर तळहात ठेवला.

"आता वाच, बाळा."

लेकीने पानाकडे पाहिलंच नाही. तिने आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती हसली. अगदी आत्या हसल्या होत्या तशी.

"छान आहे गोष्ट," ती म्हणाली.

तुमच्याही घरात कशालाही 'छान' म्हणणारं कुणीतरी असेल. सहा वर्षांचं असेल नाहीतर सत्तरीचं. ही गोष्ट कशी वाटली ते मागाहून सांगा, आधी उठून तिकडे जाऊन या. आणि हात फक्त चित्रावर ठेवा.