उरलेली इंग्रजी

"गिव्ह अप," बाई म्हणाल्या.

टर्नरने त्यांचा उजवा हात आणखी वर उचलला. खांद्यापाशी तो अडला. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

"अजून थोडा. एवढाच," टर्नर म्हणाला. "बघ, काल इथपर्यंत येत नव्हता."

काल येत होता. परवा तर त्याच्याही वर गेला होता. पण हे सांगायला तिथे दुसरं कोणी नव्हतं. होती ती फक्त त्या दोघांची मुलगी. ती आज सकाळच्याच गाडीने आली होती आणि दाराशी उभी राहून बघत होती.

बाईंची सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली. क्रियापदाच्या शेपटीला एखादा छोटा शब्द जोडला की सगळा अर्थच कसा पालटतो, हा त्यांचा आवडता धडा. नुसतं 'गेट' म्हणजे मिळणं. 'गेट अप' म्हणजे उठणं. 'गेट ओव्हर' म्हणजे दुःखातून सावरणं. रोजच्या बोलण्यातली वाक्यं त्या मुलांकडून करून घेत, वर्ग दणाणून जाईपर्यंत म्हणवून घेत. नवरा कारखान्यात लेथवर काम करणारा, म्हणून सगळ्यांसाठी टर्नर. इंग्रजीशी त्याचा संबंध मापांपुरता. घरात बाई मराठीतच बोलत, आणि भरपूर बोलत. भांडताना तर नवऱ्याला तोंड उघडायला जागा ठेवत नसत. तोही त्यांना 'बाई'च म्हणे, आधी चिडवायला, मग सवयीने.

मग एकदा दात घासता घासता त्या कोसळल्या. मेंदूत गुठळी झाली होती. जीव वाचला, पण उजवं अंग गेलं आणि त्याबरोबर वाचाही. समजत सगळं होतं, ओठांवर काही येत नव्हतं. बऱ्याच दिवसांनी शब्द फुटले ते इंग्रजी. तेच, वर्गात म्हणवून घेतलेले, दोन-दोन शब्दांचे. डॉक्टर म्हणाले, होतं असं कधी कधी. तोंडात बसलेलं आधी परत येतं. मराठी मागाहून येईल. आली तर.

त्या दोन-दोन शब्दांवर टर्नर संसार रेटू लागला. 'टर्न ओव्हर' त्याला पहिल्या फटक्यात कळलं. टर्न म्हणजे फिरवणं, हे त्याला कोणी शिकवायला नको होतं. त्याने बाईंना अलगद कुशीवर वळवलं. 'पुट आउट'च्या वेळी मात्र त्याने त्यांना खुर्चीसकट उचलून बाहेर गॅलरीत नेऊन ठेवलं. बाई डोळे वटारून बघत राहिल्या. त्यांना फक्त दिवा मालवून हवा होता.

"मग तसं सांगायचं ना," तो म्हणाला, आणि लगेच त्याने जीभ चावली.

'गिव्ह अप' यायचं ते व्यायामाच्या वेळी. गिव्ह म्हणजे दे, अप म्हणजे वर. बाईंनी ते म्हटलं की टर्नर हात आणखी वर न्यायचा. फिजिओथेरपिस्टने त्याला बजावून सांगितलं होतं, आत्ता हयगय केलीत तर हात कायमचा आखडेल. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ त्याचा नेम चुकत नव्हता. हात मात्र सुधारत नव्हता. बाईंचं जेवण चार घासांवर आलं होतं. व्यायाम संपला की त्या तोंड भिंतीकडे फिरवत.

"गिव्ह अप," बाई पुन्हा म्हणाल्या. या वेळी आवाज चिरका निघाला.

मुलगी पुढे आली. "बाबा, थांबा. ती वर घ्या म्हणत नाहीये. गिव्ह अप म्हणजे सोडून देणं. ती म्हणतेय, सोडा आता. नका करू."

टर्नरने हात खाली घेतला नाही.

"माहीत आहे मला."

"माहीत आहे? कधीपासून?"

"पहिल्याच आठवड्यात विचारून घेतलं होतं. फिजिओथेरपिस्टला."

बाईंनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे पाहिलं. आजवर त्यांनी त्याच्यावर राग धरला नव्हता. बिचाऱ्याला कळत नाही, असंच त्या धरून चालल्या होत्या.

"मग का छळताय तिला?" मुलगी म्हणाली. "किती दुखतंय बघा ना."

"ते इंग्रजी सगळं शाळेतलं आहे गं. तोंडाला बसलेलं," टर्नर म्हणाला. तो मुलीशी बोलत होता, पण तिच्याकडे बघत नव्हता. "माझ्याशी ती जन्मात कधी इंग्रजीत बोलली नाही. मला जे काय सुनावलं ते मराठीत. मला थांबवायचं असेल, तर तसंच थांबवू दे. ज्या दिवशी मराठीत सांगेल, त्या दिवशी हात खाली ठेवतो. पुन्हा उचलणार नाही. शब्द देतो."

बाहेर कोणाची तरी स्कूटर चालू होता होता बंद पडत होती.

बाईंचे ओठ हलले आणि थांबले. मानेची शीर ताठ झाली. जबडा एका बाजूला ओढला गेला, कपाळावर घाम आला. त्यांनी पुन्हा श्वास घेतला.

"अहो," त्या म्हणाल्या.

टर्नरचं तोंड उघडंच राहिलं. ती हाक ऐकून किती महिने झाले होते. मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं, ती रडत होती की हसत होती ते तिलाही कळेना.

"आलं! बघ, आलं की नाही!" टर्नर ओरडला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला. "बोल बाई, बोल. अजून बोल."

"पुरे," बाई म्हणाल्या.

टर्नरने तो हात सावकाश खाली ठेवला आणि त्यावर पांघरूण घातलं.