रानतुळशीचं वर्णन

नव्या रानतुळशीचं वर्णन प्राध्यापकांनी सकाळीच पूर्ण केलं होतं. खोड चौकोनी, पानाच्या पाठीला बारीक लव, चुरगळल्यावर वास कापरासारखा. ते भिंगात डोकं खुपसून बसलेले असताना विसरभोळी आई घराबाहेर कधी पडली, त्यांना कळलंच नाही.

संध्याकाळी चौकीत हवालदाराने विचारलं, "आजींच्या अंगावर काय होतं?"

"फिकट काहीतरी असावं."

"चेहऱ्यावर एखादा तीळ, व्रण?"

"आज नीट बघितलं नाही हो."

"मी आजचं नाही विचारत, साहेब."

तेवढ्यात फोन वाजला. हवालदाराने ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवला.

"स्टेशनजवळच्या चौकीत एक आजी बसल्यात. स्वतःचं नाव आठवत नाही, मुलाचंही नाही. पण मुलाच्या उजव्या कानामागे दोन तीळ आहेत म्हणतात, खालचा जरा मोठा."

प्राध्यापकांना हे आजवर माहीतच नव्हतं.

"जरा मान वळवा," हवालदार म्हणाला आणि त्याने टेबलावरचा दिवा जवळ ओढला. प्राध्यापकांची मान आधीच खाली गेली होती.

कानामागे निरखून बघत हवालदार फोनवर म्हणाला, "हो, त्यांचाच आहे."