सुशीलचा बिल्ला

"नको गो काकी, वैशालीच्या बांगड्यांना आत्ताच हात लावू नको." अनिताने सगुणाकाकीचं मनगट धरलं. "माणूस डोळ्यांनी बघितला नाय अजून."

काकीने हात मागे घेतला. वैशाली भिंतीला टेकून होती. मांडीवर बावीस दिवसांची मुलगी. बाप आल्यावर करू म्हणून तिचं बारसंही व्हायचं होतं. शेजारपाजारच्या बायका तिच्याभोवती कोंडाळं करून बसल्या होत्या.

बातमी परवा आली. दूर हिमालयात रेल्वेचा नवा मार्ग होतो आहे. त्यातल्या एका बोगद्याचं छत कोसळलं. रोह्याजवळच्या या गावातले दोघे तिथे कामाला होते, वैशालीचा सुशील आणि शेजारच्या अनिताचा पोपट. धाटावच्या कंपनीत कायम व्हायची वाट बघता बघता केस पिकायची वेळ आली, तेव्हा दोघे डोंगर फोडायला गेले. कोकणातल्या माणसाला डोंगराचं काय भ्या, असं पोपट म्हणायचा.

बोगद्याच्या तोंडाशी एक फळी असते. आत जाताना प्रत्येकाने आपल्या नंबरचा बिल्ला तिच्यावर अडकवायचा, बाहेर येताना काढून घ्यायचा. आत कोण आहे ते फळीवरून कळतं. छत पडलं तेव्हा फळीवर सहा बिल्ले होते. त्यात सुशीलचा होता. पोपटचा नव्हता, त्याची शिफ्ट तासाभरापूर्वीच संपली होती. ठेकेदाराच्या माणसाने फोनवर हे सगळं नीट समजावून सांगितलं. आत आता कोणी जिवंत नाही, हेही सांगितलं.

पोपटचा फोन लागत नव्हता. डोंगरात रेंज कुठली, आणि तो तर ढिगारा उपसायला धावला असणार, हातावर हात ठेवून बसणारा माणूसच नव्हे तो, असं अनिता सगळ्यांना सांगत होती. परवा बातमी ऐकल्यावर ती आधी घरात गेली होती. देवापुढे दिवा लावला आणि मग वैशालीकडे रडायला आली. त्या दिव्याची तिला फार लाज वाटत होती. म्हणून दोन दिवस ती वैशालीजवळून हलली नव्हती. पोरीला न्हाऊ घालत होती, वैशालीला पेजेचे चार घोट बळेबळे पाजत होती.

"ताई, तुझा तरी वाचला," वैशाली मधेच म्हणाली. त्यात काही आकस नव्हता. तरी अनिताला तोंड कुठे लपवावं कळेना.

तेवढ्यात अंगणात रिक्षा थांबली आणि सुशील उतरला.

सगुणाकाकी किंचाळलीच. मग एकच गलका झाला. सगळ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कोणी मीठमिरच्या शोधायला चुलीकडे पळालं. वैशाली पोरीसकट नवऱ्याच्या अंगावर कोसळली, हसत होती की रडत होती तिचं तिलाच कळत नव्हतं. अनिताही हसली. अगदी मनापासून. दोन दिवस छातीवर ठेवलेला धोंडा उतरला होता.

सुशील मात्र बायकोकडे बघत नव्हता. त्याचा फोन गाडीत चोरीला गेला होता. दोन दिवसांच्या प्रवासात त्याला काही कळलं नव्हतं. रोहा स्टेशनवर रिक्षावाल्याने त्याला बघितलं, आधी घाबरला आणि मग सगळं सांगितलं.

"पोरीला बघायचं व्हतं, वैनी," तो अनिताला म्हणाला. "सायेब सुट्टी देत नव्हता."

"बरं झालं पळून आलास ता! पन मग तुझा बिल्ला तिथं अडकवला कोनी रं?" अनिताने हसत हसतच विचारलं.

सुशील उंबऱ्यावर खाली बसला.

"पोपटदादा बोलला, तू जा, पोरीचं बारसं कर. माझी शिफ्ट झाली की तुझ्या बिल्ल्यावर मी आत जातो. तुझी हजेरी लागंल."

"पन त्याची तर शिफ्ट संपली व्हती," अनिता म्हणाली. "त्यांनी सांगितलं ना फोनवर. संपली व्हती त्याची शिफ्ट."

उठून उभ्या राहिलेल्या बायका एकेक करून पुन्हा खाली बसल्या. या वेळी अनिताभोवती.